निजामाचा भाडोत्री वैमानिक

३० जानेवारी १९४८ ही तारीख देशाला गांधीजींच्या हत्येमुळे ठाऊक आहे. भोकर, उमरी, मुदखेडच्या पट्ट्यात तिची आणखी एक आठवण आहे. त्याच दिवशी उमरखेडच्या सरहद्द कॅम्पवरचे स्वातंत्र्यसैनिक हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरले आणि त्यांनी उमरीची बँक लुटली. रक्कम वीस लाखांच्या वर होती. पैसा लढ्याला हवा होता. कॅम्प चालवायचे होते, हत्यारं मिळवायची होती. त्या लुटीचा पै-पैचा हिशेब ठेवला गेला, हे नांदेड जिल्ह्यातले जुने लोक अजूनही अभिमानाने सांगतात.

त्या वर्षी हत्यारं निजामालाही हवी होती. त्याला बँक लुटायची गरज नव्हती. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत होती. त्याची अडचण वेगळी होती. राज्य चहूबाजूंनी भारताने वेढलेलं, स्वतःचं एकही बंदर नाही. माल आणायचा तर आभाळातूनच. म्हणून त्याच्या सरकारने एक वैमानिक गाठला. त्याचं नाव फ्रेडरिक सिडनी कॉटन.

विमानविद्येच्या इतिहासात या माणसाचं नाव मानाने घेतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या लेखनात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही ‘शस्त्रांची चोरटी वाहतूक करणारा ऑस्ट्रेलियन’ अशी. दोन्ही खरं आहे. मात्र एका बाजूने त्याची कीर्ती सांगणाऱ्यांना मराठवाडा माहीत नसतो आणि दुसऱ्या बाजूने मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा माणूस आधी कोण होता, हे जाणून घ्यावंसं वाटलेलं दिसत नाही.

कॉटनचा जन्म १७ जून १८९४ चा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधला. घर खात्यापित्या पशुपालकांचं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो इंग्लंडला गेला आणि १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश आरमाराच्या हवाई शाखेत भरती झाला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, तारांचे ताण आणि समोर गरम तेलाचे शिंतोडे उडवणारं इंजिन. वैमानिकाची बैठक उघडी. दहा-पंधरा हजार फुटांवर हिवाळ्यात बोटं बधिर होत, गाल काळेनिळे पडत. शत्रूच्या गोळीइतकीच थंडीची धास्ती असे. कातडी कोट होते, पण वारा गळ्यातून आणि मनगटातून आत घुसायचाच.

एकदा कॉटन विमानाच्या इंजिनाशी झटत होता. अंगात तेला-ग्रीसने माखलेली डांगरी. तेवढ्यात उड्डाणाचा हुकूम आला आणि तो कपडे न बदलता तसाच वर गेला. परतल्यावर बाकीचे वैमानिक कुडकुडत होते. याला मात्र थंडी वाजलीच नव्हती. दुसऱ्या कुणी नशिबाला हात जोडले असते. याने विचार केला. कापडाच्या विणीतली छिद्रं तेलाने बुजली, म्हणून अंगाची ऊब बाहेर पडली नाही आणि वारा आत आला नाही. मग लंडनला जाऊन त्याने या तत्त्वावर एक सूट शिवून घेतला. आतून पातळ फर, मध्ये हवा न झिरपणारं रेशीम, वरून घट्ट विणीचं गॅबर्डिन. गळ्याला आणि मनगटांना फरची पट्टी. खिसे कमरेशी ठेवून उपयोग नव्हता, कारण बसलेल्या वैमानिकाचा हात तिथे पोचत नाही. म्हणून ते गुडघ्यांपाशी लावले, चांगले खोल. सिडनीतला ‘सिड’ आणि कॉटनमधला ‘कॉट’ घेऊन त्याचं नाव पडलं ‘सिडकॉट’. युद्धकाळात यावर पैसा करायचा नाही म्हणून त्याने पेटंटही घेतलं नाही. तो सूट पुढे कित्येक दशकं वैमानिकांच्या अंगावर राहिला. ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक रिख्टहोफेन १९१८ मध्ये पडला, तेव्हा त्याच्याही अंगात सिडकॉटच होता असं सांगतात.

फ्रान्सवरच्या त्या आभाळात आपलीही माणसं होती. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकायला गेला आणि वैमानिक झाला. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाकडून लढलेल्या मोजक्या चार भारतीयांतला तो एक. जून १९१८ मध्ये २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ‘डॉल्फिन’ विमान घेऊन तो गस्तीवर गेला, पाडला गेला आणि शत्रूच्या ताब्यात असताना जखमांनी गेला. त्याच्याबद्दल मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

आणि त्याच वर्षी निजामाचा पैसाही फ्रान्सच्या आभाळात पोचला. ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी सातव्या निजामाने ‘डीएच-९ए’ जातीच्या बाँबफेकी विमानांचा पहिला ताफा भेट दिला. प्रत्येक विमानावर देणगीदार म्हणून त्याचं नाव रंगवलेलं होतं आणि स्क्वाड्रनचं नावच ‘हैदराबाद’ पडलं. त्यातलं एफ १०१० क्रमांकाचं विमान जर्मनांनी धरलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, तिथून पोलंडमध्ये आणि शेवटी लंडनच्या हवाई दल संग्रहालयात. आजही ते तिथे उभं आहे. पाहणाऱ्याला निजामाचं नाव वाचायला मिळतं. ते विकत घ्यायला लागलेला निजामाचा हाली रुपया कुठून आला, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. निजामाच्या तिजोरीत नांदेडचा, भोकरचा, बिलोलीचा शेतसारा होता. ज्वारी आणि कापूस पिकवणाऱ्या, आयुष्यात कधी विमान न पाहिलेल्या कुळांचा पैसा होता. दुसऱ्या महायुद्धातही हेच झालं. ‘हैदराबाद’ हे नाव मिरवणाऱ्या आणखी दोन स्क्वाड्रन ब्रिटनच्या आभाळात लढल्या. १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर होती आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार. बोधवाक्य होतं, ‘विश्वासू मित्र’.

खुद्द संस्थानात विमान आलं ते टपालाच्या निमित्ताने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिग रोड धावपट्टीवरून एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’मध्ये टपालाची पोती घेऊन निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबे विमानात रिकामे केले आणि ते जुहूला उतरले. पुढे त्यांचा सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला गेला. काही काळाने याच मार्गावर बल्लारीऐवजी हैदराबादचा थांबा आला. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली.

या कंपनीच्या नावावर एक गोष्ट चांगली जमा आहे. प्रेम माथूर या तरुणीने १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. बाई विमान चालवतेय म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं सांगून एकामागून एक कंपन्यांनी तिला परत पाठवलं. डेक्कन एअरवेजने तिला घेतलं. सहवैमानिक म्हणून ती डकोटा उडवू लागली आणि १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत तिने जिंकली. कप्तानाची खुर्ची मात्र तिला मिळाली नाही.

पण आपला विषय कॉटन. दोन युद्धांच्या मधल्या काळात त्याने नाना उद्योग केले. न्यूफाउंडलंडच्या बर्फात विमानातून सील प्राण्यांचे कळप शोधून दिले, टपाल वाहिलं, रंगीत फिल्मच्या धंद्यात पडला. पैसा आला तसा गेला. आणि १९३९ च्या सुमारास ब्रिटिश गुप्तहेर खात्याला त्याच्यात आपल्या कामाचा माणूस दिसला.

कॉटन व्यापारी म्हणून जर्मनीत ये-जा करू शकत होता. त्याच्याकडे लॉकहीड कंपनीचं दोन इंजिनांचं देखणं विमान होतं. विमानाच्या पोटात कॅमेरे बसवले आणि त्यांवर सरकती झाकणं. उंचावर कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरतं आणि फोटो धुरकट येतात, ही त्या काळची मोठी डोकेदुखी होती. कॉटनने इंजिनाकडची गरम हवा भिंगांच्या समोरून फिरेल अशी सोय केली आणि दवाचा प्रश्न मिटला. खिडक्या बाहेर फुगवट्याच्या केल्या, म्हणजे डोकं बाहेर न काढता थेट खाली पाहता येई. सिडकॉट शिवणारं डोकं तेच होतं. अडचण दिसली की तिच्यावरचा तोडगा त्याच्या हाताशी तयार असे, आणि तोही साधा. बहुतेक वेळा इतका साधा, की तो आधी कुणाला सुचला कसा नाही याचं नवल वाटावं.

जुलै १९३९ मध्ये फ्रँकफर्टच्या विमान मेळाव्याला तो हे विमान घेऊन गेला. जर्मन हवाई दलाचा बडा सेनापती केसलरिंग विमानावर खूश झाला आणि त्याने एक फेरी मारायची इच्छा दाखवली. कॉटनने त्याला बसवलं, सुकाणूही हातात दिलं आणि केसलरिंग विमान चालवत असताना खालच्या तळांचे फोटो घेतले. हा किस्सा खुद्द कॉटनने सांगितलेला. त्याच्या सांगण्यात मीठमसाला असायचा, हे त्याचे चरित्रकारही मान्य करतात. पण फोटो खरे होते आणि लंडनला ते उपयोगी पडले.

युद्ध सुरू झाल्यावर हवाई दलाने त्याला हुद्दा देऊन लंडनजवळच्या हेस्टन इथे स्वतंत्र तुकडी दिली. स्पिटफायरमधल्या बंदुका काढून टाकायच्या, भोकं बुजवायची, अंग घासून गुळगुळीत करायचं, आभाळात मिसळेल असा फिका रंग द्यायचा, ही कल्पना तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वेडेपणाची वाटली. लढाऊ विमानातून बंदुकाच काढायच्या म्हणजे काय! पण तसं केल्यावर विमान हलकं आणि आणखी वेगवान झालं आणि उंचावरून एकट्याने जाऊन फोटो घेऊन सुरक्षित परतू लागलं. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याचा साथीदार मॉरिस लाँगबॉटम फ्रान्सहून निघून असं पहिलं उड्डाण करून आला. आज उपग्रहातून जे टेहळणीचं काम चालतं, त्याची एक जुनी वाट या हेस्टनच्या हँगरमधून जाते.

मग १९४० मध्ये त्याला तिथून काढलं. नियम त्याला जाचत, वरिष्ठांशी भांडणं होत, कुणाची परवानगी न घेता खरेदी करायची सवय होती. फ्रान्स कोसळत असताना त्याने सरकारी विमानातून धनिकांना पैसे घेऊन बाहेर काढण्याचा घाट घातला, असाही आरोप झाला. पुढच्या वर्षी ‘ओबीई’ हा किताब देऊन त्याची बोळवण करण्यात आली. त्याच्या पश्चात त्याची तुकडी मोठी झाली आणि श्रेय इतरांना गेलं. हा सल त्याला आयुष्यभर राहिला.

असा माणूस युद्ध संपल्यावर मोकळा होता. विमान, धाडस, ओळखी, सगळं होतं. काम नव्हतं.

इकडे हैदराबादने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार केला होता आणि दोन्ही बाजू तो मोडल्याचा आरोप एकमेकांवर करत होत्या. निजामाचे पंतप्रधान होते लायक अली. त्यांच्या मागे, खरं तर त्यांच्याही पुढे, होता कासिम रझवी. हा लातूरचा वकील. लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा फडकवण्याची भाषा करत त्याने रझाकारांची फौज उभी केली होती. मार्मागोवा बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगीजांशी निजामाची बोलणी झाली, पण ती फळाला आली नाहीत. सैन्यप्रमुख एल इद्रूस यांना आपल्या दारूगोळ्याची अवस्था चांगली माहीत होती.

हत्यारं आणून द्यायचं काम कॉटनने घेतलं. महायुद्धातल्या लँकेस्टर या बाँबफेकी विमानावरून बनवलेली, चार इंजिनांची काही लँकास्ट्रियन मालवाहू विमानं त्याने जमवली. तळ कराचीला. १९४८ च्या जूनपासून रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कराचीहून टपालाची पोती निघाल्याला सोळा वर्षंही झाली नव्हती आणि आता तिथूनच रायफली, मशिनगन आणि दारूगोळा निघू लागला. बीदरपर्यंतचं अंतर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरच्या आसपास. अंधारात यायचं, बीदर, वरंगळ किंवा हैदराबादजवळच्या धावपट्टीवर उतरायचं, माल खाली करायचा आणि परत उडायचं. रात्री विमान हुडकून अडवण्याची साधनं तेव्हाच्या भारतीय हवाई दलाकडे नव्हती. दिल्लीने लंडन आणि कराचीकडे निषेध नोंदवले. विमानं येत राहिली.

बीदर आपल्याला आज कर्नाटकातलं परकं शहर वाटतं. तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. म्हणजे तो माल उतरत होता तो आपल्याच अंगणात.

भारताने औषधंही अडवली आहेत, आपण नाकेबंदी फोडून एका छोट्या राज्याला मदत करतो आहोत, असं कॉटनचं म्हणणं. त्याला ते पटलेलं असेलही. साहसी माणसाला आपल्या साहसाचं सुंदर कारण फार लवकर सापडतं. पण त्या छोट्या राज्यातली बहुसंख्य प्रजा कोणत्या बाजूला होती, हे पाहायला त्याने बीदरहून उदगीरपर्यंत जीप काढली असती तरी पुरे होतं. त्याने विमानातून जर्मनीचे कारखाने, विमानतळ बारकाईने पाहिले होते. हैदराबाद त्याने फक्त धावपट्टीएवढं पाहिलं.

कुणी म्हणेल, नियम मोडून उडणारे वैमानिक आपल्याकडेही होऊन गेले. बिजू पटनाईक जुलै १९४७ मध्ये डकोटा घेऊन जावात उतरले आणि डच नाकेबंदीतून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना घेऊन आले. बरोबर पत्नी ज्ञानही होत्या. धाडस तेवढंच, कायद्याला बगल तशीच. फरक इतकाच की पटनाईकांनी एका माणसाला गुलामीविरुद्ध बोलण्यासाठी बाहेर काढलं आणि कॉटनने बंदुका अशा राजवटीला आणून दिल्या, जिला स्वतःच्या रयतेची भीती वाटत होती. उड्डाणाच्या आद्य पुरुषांची यादी करताना हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्या यादीत कॉटनचं नाव राहीलच, पण या फेऱ्यांसकट.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून आत शिरलं. पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. कॉटनचा रस्ता बंद झाला. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी एल इद्रूस भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींपुढे आले. तीन महिने रात्री जागून आणलेल्या हत्यारांनी पाच दिवसांचं युद्ध सहाव्या दिवसापर्यंतही लांबवलं नाही.

युद्धात ती निरुपयोगी ठरली, गावांत नव्हे. रझाकारांच्या हाती बंदुका होत्याच. त्यांतली जुनी कोणती आणि कराचीहून आलेली कोणती, हे समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळायचं साधन नव्हतं. आणि रझाकार पळाल्यावर सूडाची लाट आली, तिने ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नव्हती अशा मुसलमान घरांना गाठलं. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सतरा सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तेव्हा हे पान उलटून पुढे जातो. ते तसं उलटू नये.

कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि कराचीला गेला. १९७० मध्ये तिथेच वारला. कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला झाला आणि तो दंडावर सुटला. नंतरही त्याने मोठमोठे बेत केले, त्यांतले फारसे तडीस गेले नाहीत. १३ फेब्रुवारी १९६९ ला इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कार क्वीन्सलंडमध्ये झाले.

प्रकरण मात्र आणखी पन्नास वर्षं मिटलं नाही. सप्टेंबर १९४८ च्या त्या धामधुमीत निजामाच्या सरकारचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर वळते झाले होते. निजामाने ते परत मागितले, पाकिस्तानने हक्क सोडला नाही आणि बँकेने रक्कम गोठवून ठेवली. लंडनच्या उच्च न्यायालयात पाकिस्तानचं एक म्हणणं असं होतं, की हा पैसा हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांचा मोबदला होता. त्यामुळे कॉटन आणि त्याच्या रात्रीच्या फेऱ्या सत्तर वर्षांनी पुन्हा कागदावर आल्या. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी पाकिस्तानचा दावा फेटाळला. तोवर व्याजाने साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली ती रक्कम निजामाचे वारस आणि भारत सरकार यांना मिळाली.